अन्वय लावता आला पाहिजे

कळंब्यात कुणाला 'मी पाइपलाइन बांधतेय' असं सांगून बघा. समोरचा लगेच विचारेल, 'काळम्मावाडीची का?' कोल्हापूरकरांच्या डोक्यात पाइपलाइन एकच, काळम्मावाडी धरणातून शहरात पाणी आणणारी थेट पाइपलाइन. सुमारे ५३ किलोमीटर लांबीची. वर्षानुवर्षं फक्त चर्चेत होती आणि २०२३ च्या दिवाळीत खरोखर पाणी घेऊन आली. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत माझी आई शेजारणींना सांगायची, 'तिचं पाण्याचं काहीतरी चाललंय.' अगदीच खोटं नव्हतं. पाणी तोडल्यावर उसाच्या पानात कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती झोपतात, हा माझा विषय. पण माझ्या पाइपलाइनमधून वाहतात ते आकडे.

तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल आणि जनुकांच्या मोठ्या माहितीवर काम करणार असाल, तर हा शब्द तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. म्हणून आधीच सांगते, शब्द जरा फसवा आहे. पाण्याची पाइपलाइन फुटली की रस्त्यावर पाणी दिसतं आणि नळ कोरडा पडतो. आपली फुटली तर नळाला पाणी येतच राहतं, तेवढंच स्वच्छ दिसणारं. आकडे येतात, आलेख निघतात आणि काही वेळा पेपरही छापून येतो.

आज मला एका जुन्या पेपरची थोडी चिकित्सा करायची आहे. त्यानिमित्ताने पाइपलाइन चांगली कधी म्हणायची हेही बोलू. मी दोनच प्रश्न धरून चालणार आहे. ती दुसऱ्याला वाचता येते का? आणि काही चुकलं तर ती थांबते का?

पुण्यातलं 'अन्वय'

पुण्याचं सी-डॅक आपल्याला परम महासंगणकामुळे माहीत आहे. संस्था १९८८ ची, 'परम ८०००' हा १९९१ चा. तिथल्या जैवमाहितीशास्त्र गटाने जीनोमच्या विश्लेषणासाठी कामांची साखळी आपोआप चालवणारी एक प्रणाली तयार केली आणि २०१२ मध्ये 'जर्नल ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्स अँड कम्प्युटेशनल बायॉलॉजी'मध्ये तिच्यावर पेपर लिहिला. प्रणालीचं नाव होतं 'अन्वय'.

दहावीला संस्कृत घेतलेल्यांना हा शब्द बरोबर आठवेल. श्लोक दिलेला असायचा आणि खाली प्रश्न, 'अन्वय लावा'. छंदासाठी शब्द कुठल्या कुठे पडलेले असतात. आपण आधी क्रियापद शोधायचो, मग कोण, कुणाला, कशाने असं विचारत मागे जायचो आणि वाक्य सरळ लावायचो. या क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरना इतकं नेमकं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या गटाने दुखणंही बरोबर ओळखलं होतं. एका साधनातून निघालेली फाइल दुसऱ्या साधनाला जशीच्या तशी चालत नाही. मध्ये कुणीतरी बसून स्तंभ हलवायचे, शीर्षकं काढायची, नावं बदलायची. या हातकामात संशोधकाचा वेळ जातो आणि चुकाही इथेच शिरतात. अन्वयमध्ये हे काम पर्ल भाषेतल्या पार्सरकडे दिलं होतं, म्हणजे एका साधनाचं उत्तर वाचून पुढच्याच्या भाषेत मांडणारे छोटे प्रोग्राम. शिवाय नेहमी लागणाऱ्या कामांच्या ११ साखळ्या तयार करून दिल्या होत्या. ईएसटी, म्हणजे व्यक्त झालेल्या जनुकांचे छोटे तुकडे जोडण्यापासून ते वंशवृक्ष काढण्यापर्यंत आणि मायक्रोअ‍ॅरेच्या विश्लेषणापर्यंत.

आता माझा आक्षेप. पहिल्या प्रश्नावर अन्वय अडतं. ही क्लायंट-सर्व्हर प्रणाली होती. तुमची साखळी त्या प्रणालीच्या आत राहणार आणि सर्व्हरवर चालणार. समजा, तुमचा पेपर दहा वर्षांनी कुणीतरी गडहिंग्लजला बसून वाचतंय. त्याला साखळी तपासायची असेल तर आधी ती प्रणाली हवी, त्या काळची साधनं हवीत, त्या काळचे पार्सर हवेत. पेपर एका जागी आणि त्याचा अन्वय दुसऱ्या जागी, असं होतं.

दुसरी अडचण काळाची. त्या ११ साखळ्यांमध्ये ईएसटी आणि मायक्रोअ‍ॅरे ठळकपणे होते. पण आरएनए सीक्वेन्सिंग २००८ पासूनच येऊ लागलं होतं आणि काही वर्षांत जनुक अभिव्यक्तीचं बहुतेक काम तिकडे गेलं. दोन साधनांच्या मध्ये हाताने बांधलेला पार्सर दोन्हीकडच्या फाइलींचा साचा गृहीत धरतो. एका बाजूचा साचा बदलला की पार्सर पुन्हा लिहायचा. हे काम वर्षानुवर्षं करायला माणसं लागतात, आणि पेपर छापून आल्यावर ती कुठून आणायची? हा दोष एकट्या अन्वयचा नाही. त्या पिढीतल्या बहुतेक प्रणालींची हीच गोष्ट आहे. २००५ मध्ये सुरू झालेली गॅलॅक्सी टिकली, कारण बाहेरचे शेकडो लोक तिच्यात साधनं जोडत राहिले आणि केलेल्या कामाचा इतिहास व साखळी दोन्ही बाहेर काढून दुसऱ्याला देता येत होतं.

त्याच वर्षीचं दुसरं उत्तर

गंमत म्हणजे त्याच २०१२ साली जर्मनीतल्या योहानेस क्योस्टर आणि स्वेन राहमान यांनी स्नेकमेक मांडलं. कल्पना जुनीच होती. प्रोग्राम जुळवण्यासाठी १९७६ मध्ये बेल लॅबमध्ये बनलेल्या मेक या साधनाची. स्नेकमेकमध्ये तुम्ही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नियम लिहिता. ही फाइल आत जाते, ही बाहेर येते, मधला हुकूम हा. शेवटी फक्त सांगायचं की मला अमुक तक्ता हवा. मग ते स्वतःच मागे जातं. हा तक्ता कोणत्या नियमातून येतो? त्याला कोणती फाइल लागते? ती कुठून येते? असं करत थेट कच्च्या रीड्सपर्यंत.

म्हणजे आधी क्रियापद, मग मागे मागे. अन्वय लावणं ते हेच. नाव पुण्यात ठेवलं गेलं आणि रीत जर्मनीत रुळली, एवढंच.

फरक कुठे पडला? साखळी साध्या मजकुरात आली. ती ईमेलने पाठवता येते, गिटमध्ये ठेवता येते, कालची आणि आजची शेजारी ठेवून कोणती ओळ बदलली ते बघता येतं. पहिल्या प्रश्नाला हे चांगलं उत्तर आहे. पूर्ण मात्र नाही. २०१७ मध्ये नेक्स्टफ्लोच्या पेपरमध्ये बार्सिलोनाच्या गटाने दाखवलं की जनुक अभिव्यक्तीचं तेच विश्लेषण मॅकवर आणि लिनक्सवर चालवलं तर 'बदललेल्या जनुकां'ची यादी तंतोतंत जुळत नाही. माहिती तीच, साधनं तीच, तरीही. ही साधनं कंटेनरमध्ये, म्हणजे सगळ्या लवाजम्यासह एका डब्यात बंद करून चालवली, तेव्हा फरक गेला. म्हणून साखळीसोबत साधनांच्या आवृत्त्याही बांधून द्याव्या लागतात. 'प्रचलित सॉफ्टवेअर वापरलं' हे वाक्य पेपरात दिसलं तर समजा की लेखकाने अन्वय न लावताच श्लोक पाठ केलाय.

न थांबलेली पाइपलाइन

आता दुसरा प्रश्न. इथे मी स्वतःच सापडले, म्हणून सविस्तर सांगते.

माझे नमुने दोन खेपांत सीक्वेन्स झाले. पहिल्या खेपेत बहुतेक नियमित पाणी दिलेली रोपं, दुसऱ्या खेपेत बहुतेक पाणी तोडलेली. (इथेच कपाळाला हात लावला असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.) माझी स्नेकमेकची साखळी देखणी होती. एक हुकूम दिला की रात्रभर चालायची. सकाळी आलेख उघडला तर दोन्ही गट असे वेगळे झालेले, जणू मधून बांध घातलाय. मी खूश. गटातल्या बैठकीत दाखवलं, सगळे खूश. जवळजवळ आठ महिने मी त्या जनुकांच्या यादीवर प्रबंधाचं प्रकरण लिहीत होते.

झालं होतं असं. डीएनएला दोन धागे असतात आणि जनुक त्यांपैकी एकावरून वाचलं जातं. आरएनएचं ग्रंथालय, म्हणजे सीक्वेन्सिंगसाठीचा संच, तयार करताना कोणतं किट वापरलं त्यावर ठरतं की आलेला रीड जनुकाच्या दिशेचा आहे, उलट दिशेचा आहे, की दिशेची माहितीच राहिलेली नाही. मोजणी करणाऱ्या फीचरकाउंट्सला ही दिशा तुम्ही सांगायची असते: ०, १ किंवा २. पहिल्या खेपेचं किट १ चं होतं. मी नियमात १ लिहून मोकळी झाले. दुसऱ्या खेपेचं किट बदललं होतं, तिथे २ हवं होतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेतले खरे रीड्स जवळजवळ सगळे बाजूला टाकले गेले आणि उलट धाग्यावरचे किरकोळ तेवढे मोजले गेले. पुढे प्रमाणीकरणात सगळे नमुने एका पातळीवर आणले जातात, त्यात हे थोडेसे आकडेही फुगून चांगले दिसू लागले.

एकही एरर आली नाही. फीचरकाउंट्स दर वेळी सारांशाची एक छोटी फाइल लिहितं. किती रीड्स जनुकांना जोडले गेले, किती नाही. त्यात पहिल्या खेपेला बहुतांश रीड्स जोडलेले होते आणि दुसऱ्या खेपेला शंभरातले जेमतेम पाच. ती फाइल आठ महिने माझ्याच फोल्डरमध्ये होती. मी उघडली नाही. उघडली कुणी? नव्याने आलेल्या ज्युनिअरने, 'ताई, ही फाइल कशाची असते?' असं विचारण्यासाठी.

१ चं २ करायला दहा सेकंद लागली. मोजणी सुधारली, पण खेप आणि पाणी या दोन गोष्टी एकमेकांत अडकल्या होत्या त्या अडकल्याच राहिल्या. दिसतोय तो फरक पाण्याचा की किटचा? कोणतीही पाइपलाइन हे सांगू शकत नाही. ते नमुने घेण्याच्या दिवशीच ठरलेलं असतं. मला पुन्हा लावण करावी लागली, पुन्हा पानं तोडावी लागली, या वेळी दोन्ही प्रकारची रोपं प्रत्येक खेपेत वाटून. माझं एक वर्ष गेलं.

एवढ्यासाठीच मी म्हणते, साखळी वाचता येणं पुरेसं नाही. माझी साखळी अगदी सुवाच्य होती. १ हा आकडा डोळ्यांसमोर होता. पण 'जोडलेल्या रीड्सचं प्रमाण एवढ्याखाली गेलं तर थांब' हा नियम तिच्यात नव्हता. अन्वयच्या पेपरचा भर 'माणसाचा हात मध्ये लागू नये' यावर आहे आणि माझ्या साखळीचाही होता. हात काढला तर हाताबरोबर डोळेही निघून जातात. ते परत बसवायचं काम पाइपलाइन लिहिणाऱ्याचं.

डिफॉल्ट कुणासाठी?

'मग तयार पाइपलाइनच का वापरू नये?' हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. वापरा. एनएफ-कोअर या गटाच्या आरएनए सीक्वेन्सिंगच्या पाइपलाइनमध्ये दिशा आपोआप ओळखायची सोय आहे. ती वापरली असती तर माझं वर्ष वाचलं असतं. शंभर लोकांनी तपासलेलं काम आपल्या एका रात्रीच्या स्क्रिप्टपेक्षा बरं असतं, यात वाद नाही.

पण तयार पाइपलाइनला तयार गृहीतकंही येतात. उसाचं घ्या. आमच्याकडे शेतकरी वाणांना नंबराने हाक मारतात: ६७१, २६५, ८६०३२. यांतल्या को ८६०३२ चे आई-बाप म्हणजे को ६२१९८ आणि कोसी ६७१. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. आजच्या उसात एकूण गुणसूत्रंच १०० ते १३० आणि एकेका जनुकाच्या दहा-बारा प्रती, काही जवळजवळ हुबेहूब. आर५७० या वाणाचा जीनोम मार्च २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याची जुळणी ८.७ अब्ज अक्षरांची आहे, माणसाच्या जीनोमच्या जवळजवळ तिप्पट.

आता साधनं काय गृहीत धरतात ते बघा. रीड्स जीनोमवर बसवणारं स्टार काही न सांगता चालवलं, तर दहापेक्षा जास्त ठिकाणी बसणारा रीड ते 'बसला नाही' म्हणून सोडून देतं. फीचरकाउंट्स एकापेक्षा जास्त ठिकाणी बसणारे रीड्स मोजतच नाही. जीएटीके जनुकीय फरक शोधताना न सांगता दोन प्रती धरतं. माणसासाठी हे सगळं शहाणपणाचं आहे. उसासाठी म्हणजे फडातली गर्दीची सरी सोडून बांधावरचे ऊस मोजण्यासारखं. संदेश कुठलाही येत नाही, कारण साधनाच्या मते काही चुकलेलंच नसतं. मी आता सामन वापरते. ते अनेक ठिकाणी बसणारा रीड शक्यतेच्या हिशेबाने वाटून देतं. तेही गृहीतकच आहे, पण निदान मी ते निवडलंय आणि लिहून ठेवलंय.

'आम्ही माणसावर काम करणार, आम्हाला काय त्याचं?' असं नका म्हणू. जनुकीय फरक आणि जनुक अभिव्यक्ती एकत्र जोडून 'या अक्षरामुळे या जनुकाचा आवाज वाढतो का' असं विचारणारा एक मोठा प्रकल्प म्हणजे अमेरिकेतला जीटेक्स. २०२० च्या त्याच्या विश्लेषणात ८३८ दाते आणि ४९ ऊती होत्या. दात्यांपैकी ८५.३ टक्के युरोपीय वंशाचे, आशियाई १.४ टक्के. आपल्याकडच्या रुग्णांचा अर्थ या तक्त्यांवरून लावणारी पाइपलाइन लिहाल तेव्हा हा आकडा तिच्या पहिल्या पानावर लिहा.

जीनोम इंडियासारख्या प्रकल्पात तर पाइपलाइन हाच मुद्दा होतो. देशातल्या २० संस्था आणि सुमारे १०,००० माणसांचे जीनोम. वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने वेगवेगळ्या साखळ्यांतून काढले तर साखळ्यांमधला फरक समाजगटांमधला फरक म्हणून दिसायला लागेल. अमेरिकेतल्या पाच मोठ्या जीनोम केंद्रांना हीच भीती होती. त्यांनी एकत्र बसून साखळीतल्या कोणत्या पायऱ्या सगळीकडे सारख्या असल्याच पाहिजेत ते ठरवलं आणि २०१८ मध्ये छापलं. माझ्या दोन खेपांचं दुखणं तेच होतं, फक्त छोट्या प्रमाणावर.

शेवटचा हातभर रस्ता

पाइपलाइन जिथे संपते तिथे बहुतेक जण एक्सेल उघडतात. तिथेही खड्डा आहे. मार्च१, सेप्ट२ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारखा समजतं. २०१६ मधल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश पेपरांमध्ये अशी बिघडलेली नावं सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ झालं. एका सवयीपुढे एवढ्या मोठ्या शास्त्राने हात टेकले. शेवटचा तक्ताही साखळीतूनच काढा.

आणि डीएनए, आरएनए दोन्ही असतील तर आधी एकच खात्री करा: ही दोन्ही एकाच माणसाची किंवा एकाच रोपाची आहेत का? आरएनएच्या रीड्समधूनही जनुकीय फरक दिसतात. ते डीएनएशी ताडून बघता येतात. २०११ मध्ये एका गटाने अशा प्रकारचे छापून आलेले माहितीसंच तपासले, तेव्हा सरासरी ३ टक्के नमुन्यांची अदलाबदल झालेली निघाली. चिठ्ठी चुकीच्या नळीला लागली, एवढंच कारण.

मग अन्वयबद्दल माझं मत काय? पेपर जरूर वाचा. दुखणं ओळखण्यात तो बरोबर होता आणि ते आपल्याच राज्यात, योग्य वेळी ओळखलं गेलं. उपाय मात्र असा होता की साखळी प्रणालीच्या पोटात राहिली. तुमची तशी राहू देऊ नका. संशोधन सुरू करताना एक चाचणी ठेवा. चार नमुन्यांचा छोटा संच आणि तुमची साखळी एखाद्या ज्युनिअरला द्या आणि दोन दिवस फोन बंद ठेवा. त्याला तुमचा आलेख काढता आला पाहिजे. मग मुद्दाम एका नमुन्याची दिशा चुकवून द्या. साखळी थांबली पाहिजे, आणि का थांबली ते सरळ भाषेत सांगितलं पाहिजे.

माझी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा थांबली. रात्री साडेअकराला, बाराव्या नमुन्यावर. आई उठून आली आणि विचारलं, 'पाणी बंद झालं का?' म्हटलं, हो, बंद केलं. सकाळी बघते कुठे अडलंय.